काटा रुततो, पण कळ येत नाही

देऊळघाट गावच्या धुऱ्यावर अनवाणी चालणाऱ्याच्या अंगठ्यात बाभळीचा काटा रुतला की कळ दोनदा येते. पहिली लख्ख, टोचल्या क्षणीच. दुसरी मागाहून, ठणकत. काटा एकच, पण अंगठ्यापासून मणक्यापर्यंतचं मीटरभर अंतर दोन जातींचे चेतातंतू दोन वेगांनी कापतात. पहिल्या जातीच्या तंतूवर मायलिनचं स्निग्ध वेष्टन असतं, म्हणून त्यातला संदेश सेकंदाला 5 ते 30 मीटर पळतो; दुसऱ्यावर ते नसतं, तिथे संदेश सेकंदाला मीटरभरच सरकतो. मायलिन चेतापेशी स्वतः बनवत नाही. ते बनवते तिच्या लांबलचक तंतूला वेटोळे घालून बसलेली श्वान पेशी. (हे नाव थिओडोर श्वान या जर्मन शास्त्रज्ञाचं. कुत्र्याशी त्याचा संबंध नाही, राखणदारीशी हवा तर जोडावा.) एक श्वान पेशी फार तर मिलिमीटरभर लांबी सांभाळते, म्हणजे पायाकडे जाणाऱ्या एकेका तंतूवर हजारेक पेशी ओळीने बसलेल्या असतात. दोन वेष्टनांमधल्या उघड्या फटींवरून संदेश उड्या मारत जातो, हेच त्याच्या वेगाचं इंगित.

एवढं असूनही या पेशींची आपल्याला ओळख होते ती ‘आधारपेशी’ म्हणून. चेतापेशी म्हणजे नवरदेव आणि या वऱ्हाडी, असा हा हिशेब. 1856 मध्ये रुडॉल्फ व्हिर्चोने मेंदूतल्या अशा पेशींच्या समूहाला ‘न्यूरोग्लिया’ म्हटलं. ग्लिया म्हणजे डिंक. नाव चिकटलं, आणि डिंकाकडे कोण बघतो! पुढे गॉल्जीने चांदीच्या क्षारांनी पेशी रंगवण्याची रीत शोधली, काहालने त्याच रीतीने प्रत्येक चेतापेशी सुटी असल्याचं दाखवलं, आणि एकमेकांशी वाद असलेल्या या दोघांना 1906 चं नोबेल विभागून मिळालं. पण तो वाद चेतापेशींपुरताच होता. ग्लिया चेतापेशींच्या दहापट आहेत, हेही वर्षानुवर्षं बिनमोजताच सांगितलं गेलं. 2009 मध्ये नीट मोजणी झाली तेव्हा माणसाच्या मेंदूत सुमारे 8,600 कोटी चेतापेशी निघाल्या, आणि इतर पेशीही जवळपास तेवढ्याच. त्यांतल्या काही पेशी सांडलेली संदेशद्रव्यं उचलतात, काही मायलिन घालतात, काही मेलेल्या पेशींचा कचरा निपटतात. माझं म्हणणं याहून पुढचं आहे. चेतापेशी जगणार की मरणार, हे पुष्कळदा या सोबतिणीच्या प्रकृतीवर ठरतं. आणि त्याचा पुरावा विदर्भात तरी लांब शोधावा लागत नाही.

तो पुरावा म्हणजे कुष्ठरोग. वर्ध्याजवळ मनोहर दिवाणांचं दत्तपूर, अमरावतीत शिवाजीराव पटवर्धनांचं तपोवन, वरोऱ्याला बाबा आमट्यांचं आनंदवन अशी कुष्ठरुग्णांच्या सेवेची ठिकाणं एकट्या विदर्भात उभी राहिली. समाज या रोगाला पापाचं फळ म्हणत होता आणि बोटं सडून झडतात असं समजत होता. खरं तर बोटं झडत नाहीत. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं की, कळच येत नाही म्हणून तोच हात चुलीवर भाजतो, तोच पाय जखमेवर चालत राहतो, आणि बोटं हळूहळू झिजतात. कळ का येत नाही, याचं उत्तर श्वान पेशीत आहे. नॉर्वेतल्या बर्गेनमध्ये आरमौर हॅन्सेनने 1873 मध्ये पाहिलेला कुष्ठरोगाचा जंतू दुप्पट व्हायला बारा-चौदा दिवस घेतो. इतक्या संथ जंतूला निवांत घर लागतं, आणि ते त्याला श्वान पेशीत मिळतं. शरीराचा थंड भाग त्याला मानवतो, म्हणून कातडीखालून जाणाऱ्या कोपराच्या, गुडघ्यामागच्या नसा आधी जाड होतात. मुंबईत डॉ. नोशिर अंतिया यांनी 1975 मध्ये स्थापन केलेल्या ‘फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्च’मध्ये जंतू आणि श्वान पेशी यांच्या याच नात्याचा अभ्यास झाला.

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला असा की, कुष्ठरोगात गरम-थंड आणि दुखणं सांगणारे बारीक तंतू आधी जातात, ज्यांच्यातल्या पुष्कळांवर मायलिन नसतंच. मग श्वान पेशीचा दोष कसा? पण मायलिन नसलेले तंतूही एकटे नसतात. तशा कित्येक तंतूंना एकच श्वान पेशी कुशीत घेते, आणि जंतूला तीच पेशी जास्त आवडते. दुसरा आक्षेप असा की, नस जंतू मारत नाही, आपलीच प्रतिकारशक्ती मारते. हे बऱ्याच अंशी खरं आहे. 2017 मध्ये झेब्राफिशवरच्या प्रयोगात जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशीच मायलिन बिघडवताना दिसल्या. पण लढाई नसेतच का पेटते? जंतू श्वान पेशीत दडतो म्हणून. शिवाय उलट दिशेचा पुरावाही आहे. हातापायाची तुटलेली नस दिवसाला मिलिमीटरभर पुन्हा वाढते, मज्जारज्जूतला तुटलेला तंतू वाढत नाही. तो चेतापेशीचाच दुबळेपणा मानला जाई. 1981 मध्ये माँट्रियलला अल्बर्ट अग्वायो आणि सॅम्युएल डेव्हिड यांनी उंदरांच्या पायाच्या नसेचा तुकडा मज्जारज्जूला जोडला, आणि तेच हटवादी तंतू त्या तुकड्यात शिरून सेंटिमीटरच्या मापाने वाढले. चेतापेशी तीच होती, फक्त शेजार बदलला होता.

1981 पासून शिफारस झालेल्या बहुविध औषधोपचाराने जंतू मरतो, आणि 2005 च्या अखेरीस देशातलं रुग्णांचं प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली आलं. मेलेली नस मात्र या गोळ्यांनी परत येत नाही. बधिरपणा किंवा अशक्तपणा सुरू होऊन सहा महिने उलटण्याआधी स्टेरॉइड मिळाली, तर नस वाचण्याची आशा असते. म्हणून अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि त्यावर काडी टोचलेली कळत नसेल, तर गावच्या आशाताईंना आजच दाखवा. तपासणी आणि औषधं सरकारी दवाखान्यात मोफत आहेत.