नॉरवुडची की व्हॅन नाइजची?

जुनी शेवरोले कॅमारो घ्यायला निघालेला जाणकार आधी रंगाकडे पाहत नाही. बॉनेट उघडून तो आल्टरनेटरच्या खाली टॉर्च मारतो आणि इंजिनाच्या पुढच्या उजव्या कोपऱ्यातली अरुंद पट्टी वाचायला घेतो. तिथं ‘व्ही०२१८डीझेड’ असं काहीतरी ठोकलेलं सापडतं. व्ही म्हणजे मिशिगनमधल्या फ्लिंटचा इंजिन कारखाना, ०२१८ म्हणजे १८ फेब्रुवारी आणि डीझेड म्हणजे १९६९च्या झेड/२८ या खास कॅमारोचं ३०२ घन इंचांचं इंजिन. अक्षरं जुळली तरी टॉर्च विझत नाही. कारखान्यात ब्लॉकचा माथा ब्रोच यंत्रावर तासला जाई आणि त्याच्या बारीक समांतर रेघा पट्टीवर उमटून राहत. खोटा नंबर ठोकणारा आधी खरा नंबर घासतो, आणि त्या घासण्यात रेघाही जातात.

एवढी उस्तवार करावी लागते, कारण गाडीच्या चासी नंबरावरून ती व्ही-८ आहे एवढंच कळतं. झेड/२८ आहे की साधी, याचा त्यात पत्ता नसतो. अमेरिकेत विकलेल्या प्रत्येक शेवरोलेची कारखान्यातली नोंद आज मिळत नाही. (कॅनडात विकलेल्या गाड्यांची मिळते, म्हणून तिकडचे मालक निवांत!) तेव्हा साक्ष द्यायची ती सुट्या भागांनीच. पण त्या भागांची साक्षही एकसारखी नसते.

१९६९ची कॅमारो दोन ठिकाणी जुळवली जाई: ओहायोत सिनसिनाटीला लागून असलेल्या नॉरवुडला आणि लॉस एंजेलिसच्या व्हॅन नाइजला. नॉरवुडवाले डिसेंबर १९६८च्या सुमारास बॉडीवरच्या पत्र्याच्या पट्टीवर ‘एक्स’ने सुरू होणारे कोड ठोकू लागले; एक्स३३ किंवा एक्स७७ दिसला की गाडी झेड/२८. व्हॅन नाइजला ही पद्धत आलीच नाही. त्यामुळे पट्टीवर कोड नाही म्हणून गाडी बनावट ठरवणारा पंडित कॅलिफोर्नियाच्या अस्सल गाडीवर अन्याय करून बसतो. इंजिनावर चासी नंबराचा तुकडा ठोकायची जागाही ठरलेली नव्हती. कधी इंजिनाच्या पुढच्या त्याच पट्टीवर, कधी ऑइल फिल्टरजवळ.

यात कट-कारस्थान काही नव्हतं. लाइन थांबवायची नाही, हा कारखान्याचा पहिला नियम. एका पुरवठादाराचा माल संपला की दुसऱ्याचा लावायचा. नवं डिझाइन मंजूर झालं तरी जुना साठा संपेपर्यंत तोच वापरायचा. फोर्डचं उदाहरण बघा. १९६४च्या वसंतात आलेल्या पहिल्या मस्टँगना जनरेटर होता, त्याच वर्षीच्या उन्हाळ्यानंतरच्या गाड्यांना आल्टरनेटर. कागदोपत्री मात्र दोन्ही १९६५चीच मॉडेलं.

एक गोष्ट तेवढी पक्की: ओतकामाची तारीख इंजिन जुळवणीच्या आधीची, आणि इंजिन जुळवणीची तारीख गाडीच्या जुळवणीच्या आधीची. ब्लॉकवर महिन्याचं अक्षर, दिवस आणि वर्षाचा शेवटचा आकडा उठावदार ओतलेला असतो. आता तो एकच ९ म्हणजे १९६९ की १९७९, हे ओळखायला इतर खुणा लागतात. त्यात १९७०ची कॅमारो लांबणीवर पडून थेट फेब्रुवारीत बाजारात आली, म्हणून १९६९ची गाडी नेहमीच्या मुदतीपलीकडे शरद ऋतूतही बनत राहिली. तिच्यावर सप्टेंबरची तारीख दिसली तर दचकायचं कारण नाही.

सगळ्यात गमतीची प्लिमथ सुपरबर्ड. १९७०मध्ये नॅसकारच्या शर्यतीत धावता यावं म्हणून तिला लांब नाक, शेपटाकडे उंच पंख आणि नव्या घाटाची मागची काच दिली. काचेभोवतीचे सांधे सफाईने भरत बसायला वेळ नव्हता, म्हणून छतावर व्हायनिल चढवून ते झाकले. वर्षभर आधीच्या डॉज चार्जर डेटोनाचे हेच सांधे नीट भरून रंगवलेले असत, त्यामुळे तिला व्हायनिल लागलंच नाही. मला विचाराल तर सुपरबर्डचं छत ही त्या काळाची सगळ्यात प्रामाणिक वस्तू आहे.

दुरुस्ती करणाऱ्यांची खरी पंचाईत इथून पुढे होते. कॉर्व्हेटवाल्यांच्या एनसीआरएस या संस्थेच्या परीक्षणात गाडी कारखान्यातून निघाली तशी असावी लागते. त्याहून देखणी केली तर गुण कापतात. त्यामुळे हौशी मंडळी रंगाचे ओघळ, कडेला उडालेले फवारे, तपासनिसाच्या क्रेयॉनच्या रेघोट्या असं सगळं जुन्या फोटोंवरून शोधून पुन्हा काढतात. नवख्या कारागिराला त्यातली रेघोटीच सगळ्यात अवघड जाते. त्याचा हात फार सरळ चालतो.