क्वांटम स्पिन द्रवांमधील प्रावस्थांतर

क्वांटम स्पिन द्रव ही चुंबकीय घनपदार्थांतील अशी अवस्था आहे, जिच्यात इलेक्ट्रॉनांचे स्पिन, म्हणजेच त्यांची सूक्ष्म चुंबकत्वे, निरपेक्ष शून्य तापमानालाही ठरावीक मांडणीत स्थिरावत नाहीत. मात्र परस्परांशी घट्ट गुंतलेली राहतात. ‘द्रव’ हा शब्द स्पिनांना उद्देशून आहे. पदार्थ घनच असतो. ही संकल्पना फिलिप अँडरसन यांनी १९७३ मध्ये मांडली. अशा एका द्रव अवस्थेतून दुसरीत होणाऱ्या बदलाचा विचार या लेखात केला आहे.

पार्श्वभूमी

लोखंड सुमारे ७७० अंश सेल्सियसच्या खाली थंड झाले, की त्यातील स्पिन एका दिशेला वळतात आणि सर्व दिशांची समानता भंग पावते. सममितीच्या अशा बदलावर आधारलेला प्रावस्थांतराचा सिद्धांत लेव्ह लँडाऊ यांनी १९३७ मध्ये मांडला. दोन स्पिन द्रवांची सममिती मात्र एकच असू शकते. त्यामुळे त्यांच्यातील भेद स्पिनांच्या गुंतण्याच्या प्रकारात व पदार्थात उद्भवणाऱ्या कणसदृश उत्तेजनांत शोधावा लागतो.

किताएव प्रतिमान

अलेक्सेई किताएव यांचे २००६ मधील गणिती प्रतिमान हे याचे अचूक सोडवता येणारे उदाहरण होय. यात मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या षट्कोनी जालकावर प्रत्येक स्पिन तीन शेजाऱ्यांशी तीन वेगळ्या प्रकारच्या बंधांनी जोडलेला असतो. तिन्ही बंधांची ओढ एकाच वेळी पूर्ण होऊ शकत नाही, म्हणून स्पिन स्थिरावत नाहीत.

तिन्ही बंध तुल्यबळ असल्यास अत्यल्प ऊर्जेनेही उत्तेजने निर्माण होतात. एका बंधाची तीव्रता उरलेल्या दोहोंच्या बेरजेहून अधिक झाली, की त्यासाठी किमान ठरावीक ऊर्जा लागते. उदाहरणार्थ, दोन बंधांची तीव्रता प्रत्येकी १ असेल, तर तिसऱ्याची तीव्रता २ होताच प्रावस्थांतर घडते. सममितीत बदल न होता केवळ उत्तेजनांचे स्वरूप पालटते.

प्रत्यक्ष पदार्थ

अल्फा-रुथेनियम ट्रायक्लोराइडमध्ये या प्रतिमानाशी जुळणारे बंध आढळतात. तथापि इतर बंधांमुळे सुमारे ७ केल्विनखाली त्याचे स्पिन नेहमीच्या चुंबकाप्रमाणे शिस्तीत मांडले जातात. थरांना समांतर असे सुमारे ७ ते ८ टेस्ला चुंबकीय क्षेत्र लावल्यास ही मांडणी मोडते. त्यानंतर स्पिन द्रव अवस्था येते काय, हा वादाचा विषय आहे. २०१८ मध्ये जपानी संशोधकांनी उष्णतावहनाच्या मापनातून तिची खूण मिळाल्याचे नोंदवले. परंतु पुढील प्रयोगांचे निष्कर्ष नमुन्यागणिक भिन्न आले. स्पिन द्रवाची ओळख मांडणीच्या अभावावरून पटत नाही, कारण अशुद्ध स्फटिकातही मांडणी बिघडलेली असते. म्हणून गणितात सिद्ध झालेले हे प्रावस्थांतर पदार्थात निर्विवादपणे दाखवणे अद्याप बाकी आहे.