खान्देशातील तृणधान्यांची विनानांगरट पेरणी : पेरणी यंत्राच्या जुळणीचा विचार

प्रस्तावना :
खान्देशची ओळख कापूस व केळी यांमुळे असली, तरी जळगाव व धुळे जिल्ह्यांच्या शेतीत ज्वारी, बाजरी, मका व गहू यांचे स्थान महत्त्वाचे आहे. खरीप पीक निघाल्यावर नांगरट व वखरणी यांत रब्बीचे मोलाचे दिवस खर्ची पडतात. बागायती गव्हाच्या वेळेवर पेरणीस नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा योग्य मानला जातो. येथील थंडी अल्पकाळ टिकते. पेरणी लांबल्यास दाणे भरण्याचा काळ उन्हात सापडतो व उत्पादन घटते. विनानांगरट पेरणीने हे दिवस वाचतात. मात्र तिचे यश यंत्राच्या अचूक जुळणीवर अवलंबून असते. प्रस्तुत लेखात या जुळणीचे स्वरूप स्पष्ट केले आहे.

तिफणीकडून यंत्राकडे :
तिफणीने पेरताना चाड्यावर मूठ धरणाऱ्या व्यक्तीच्या, बहुधा स्त्रीच्या, हाताच्या लयीवर बियाण्याचे प्रमाण ठरत असे. यंत्रात हे काम चालक चाकाने फिरणारा खाचदार रूळ करतो. न्यूझीलंडमधून १९८९ साली आलेल्या उलट्या 'टी' आकाराच्या फाळाच्या आधारे पंतनगर येथील कृषी विद्यापीठात विनानांगरट पेरणी यंत्र विकसित झाले. हा फाळ जमीन न उलथता अरुंद चीर पाडून तीत बियाणे सोडतो.

यंत्राची जुळणी :
१) समतोल : यंत्र सपाट जागी ठेवून ट्रॅक्टरच्या टॉप लिंकने चौकट समपातळीत आणावी. चौकट पुढे झुकल्यास पुढील ओळीचे फाळ खोल व मागील ओळीचे फाळ उथळ चालतात.

२) अंतर व खोली : वेळेवर पेरलेल्या गव्हासाठी दोन ओळींत २० सें.मी. अंतर व ५ ते ६ सें.मी. खोली ठेवावी. बाजरीचे बी बारीक असल्याने ते २ ते ३ सें.मी.पेक्षा खोल जाऊ नये.

३) बियाण्याचे प्रमाण : ९ फाळांच्या, २० सें.मी. अंतराच्या यंत्राची कार्यरुंदी १.८ मीटर होते. चालक चाकाचा घेर १.२५ मीटर असल्यास एका फेऱ्यात २.२५ चौ.मी. आणि २० फेऱ्यांत ४५ चौ.मी. क्षेत्र पेरले जाते. हेक्टरी १०० किलो गहू पेरावयाचा असल्यास या २० फेऱ्यांत ४५० ग्रॅम, म्हणजे प्रत्येक नळीतून ५० ग्रॅम बियाणे पडले पाहिजे. यंत्र उचलून चाक हाताने फिरवावे, नळ्यांखाली पिशव्या बांधाव्यात व वजन पाहून रुळाची उघडीप कमी-अधिक करावी. एखाद्या नळीतून कमी बियाणे आल्यास ती तुंबली आहे का, हे प्रथम तपासावे.

४) शेतातील पडताळणी : वरील चाकाच्या २० फेऱ्यांत यंत्राने २५ मीटर अंतर कापले पाहिजे. चाक घसरल्यास अंतर वाढते व पेरणी विरळ होते. त्यानुसार रुळाची उघडीप वाढवावी.

५) खत : खत स्वतंत्र पेटीतूनच द्यावे. ओलावा धरलेले खत नळ्या तुंबवते. म्हणून दिवसाअखेर पेटी रिकामी करून स्वच्छ करावी.

काळ्या जमिनीतील मर्यादा :
तापी, गिरणा व पांझरा यांच्या खोऱ्यांतील भारी काळी जमीन ओली असता फाळाला चिकटते; सुकल्यावर भेगाळून चीर उघडी पडते व बियाणे उघड्यावर येते. यास्तव वाफसा हीच पेरणीची खरी वेळ होय. पऱ्हाटीची धसकटे फाळांत अडकतात. ती आधी काढणे आवश्यक ठरते. नांगरट नसल्याने तणनियंत्रणाचे नियोजनही पेरणीपूर्वीच करावे लागते.

निष्कर्ष :
विनानांगरट पेरणीत नांगरटीचा खर्च व वेळ वाचतो, परंतु चूक झाकणारी भुसभुशीत माती येथे नसते. उगवण विरळ झाल्यास दुबार पेरणीचा भार शेतकऱ्यावर पडतो आणि वाचविलेले दिवसही हातचे जातात. तराजू, मोजपट्टी व एक तासाचा अवधी एवढ्या साधनांनी ही हानी बव्हंशी टाळता येते. कृषी व ग्रामीण विकासाशी संबंधित महाविद्यालयांनी पेरणीपूर्व प्रात्यक्षिकांत या मोजणीचा समावेश करणे उपयुक्त ठरेल.