फ्रिज गार का होईना?

वैशाखात नागपूरचे ऊन कसे असते, हे तुम्हांला सांगावयास नको. २३ मे २०१३ रोजी येथे ४७.९ अंश तापमान नोंदले गेले. अशा दिवसांत घरातला फ्रिज गार होईनासा झाला की घरचे सगळे कावरेबावरे होतात. दूध नासते. वरणाला वास येतो. घरात कोणाला मधुमेह असला, तर इन्सुलिनची बाटली कोठे ठेवावी, हा मोठाच प्रश्न पडतो. मग मिस्त्री येतो. फ्रिजवर हात ठेवतो आणि म्हणतो, "गॅस संपला."

कधी गॅस खरेच गेलेला असतो. पुष्कळदा तो गेलेला नसतो. पैसे मात्र जातात. तेव्हा मिस्त्रीला बोलावण्याआधी आपल्याला घरच्या घरी काय पाहता येईल, ते आम्ही सांगतो.

आधी फ्रिज काम कसे करतो ते समजून घ्या. आपल्या घरचा माठ आठवा. माठाच्या अंगातून पाणी पाझरते. त्याची वाफ होते. वाफ होताना ते माठाची उष्णता घेऊन जाते, म्हणून आतले पाणी गार होते. फ्रिजातही तीच युक्ती आहे. पाण्याच्या जागी तेथे एक गॅस असतो. आतल्या नळीत तो पातळ होऊन येतो. तेथे त्याची वाफ होते, आणि ती दुधाची, भाजीची उष्णता शोषून घेते. फ्रिजच्या पाठीमागे खाली एक काळा, गोल डबा असतो. त्याला कॉम्प्रेसर म्हणतात. तो ही वाफ दाबतो. दाबली की ती तापते. मग पाठीवरच्या जाळीतून फिरताना ती आपली उष्णता खोलीत सोडते, पुन्हा पातळ होते आणि पुन्हा आत जाते.

आता फरक पाहा. माठातले पाणी उडून जाते, म्हणून माठ रोज भरावा लागतो. फ्रिजचा गॅस बंद नळीत फिरतो. तो खर्च होत नाही. दहा-पंधरा वर्षेसुद्धा तोच गॅस चालतो. "दर उन्हाळ्याला गॅस भरावा लागतो," असे कोणी म्हणाले, तर ते खरे मानू नका. गॅस गेला असेल, तर नळीला कोठेतरी छिद्र पडले आहे. छिद्र न बुजविता गॅस भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे.

तर फ्रिज आतली उष्णता बाहेर टाकतो. बाहेर टाकायला जागा नसेल, तर तो काय करील? पुष्कळ घरी फ्रिज भिंतीला अगदी चिकटवून ठेवतात. शेजारी चूल किंवा शेगडी असते. वर टिनाचे छत तापलेले. त्यावर हौसेने कापडाचा झगा घालतात आणि पाठीमागे पिशव्या कोंबतात! मागे चार बोटे तरी जागा सोडा. जाळीवर धूळ बसली असेल, तर प्लग काढून ती कुंच्याने झाडा. काही नव्या फ्रिजांना मागे जाळी दिसत नाही. ती बाजूच्या पत्र्याआड असते. त्यांच्या बाजू हाताला गरम लागतात. ते बरोबर आहे, भिऊ नका.

मग विजेकडे पाहा. दार उघडल्यावर आतला दिवा लागतो का? दिवा मिणमिणता असेल, तर दाब कमी आहे असे समजावे. वीज २३० व्होल्टच्या आसपास हवी. दाब फार उतरला की कॉम्प्रेसर सुरू होऊ शकत नाही. थोडा वेळ घुंऽऽ करतो, टक् असा आवाज होतो आणि बंद पडतो. काही मिनिटांनी पुन्हा तसेच. अशा वेळी फ्रिज बंद करून ठेवा, नाहीतर कॉम्प्रेसर जळेल. वीज जाऊन आली, तरी पाच मिनिटे थांबून मगच चालू करावा. आणि वीज गेली असताना दार उघडू नये. बंद दारात अन्न चारेक तास गार राहते.

दाराचे रबर पाहण्याची रीत सोपी आहे. दारात कागद धरून दार लावा. कागद ओढा. सहज निघाला, तर रबर ढिले आहे. आतली थंडी तेथून पळते. रबर कोमट साबणपाण्याने पुसावे. फाटले असेल, तर बदलावे. हा खर्च गॅसपेक्षा पुष्कळ कमी येतो. तसेच दाराजवळचे बटण बोटाने दाबून पाहा. दिवा विझला पाहिजे. न विझला, तर दार लावल्यावरही तो आत जळत राहतो आणि फ्रिज तापवतो.

आता बर्फ. वर बर्फाचा कप्पा असलेल्या साध्या फ्रिजात अर्धा सेंटिमीटर जाड थर साचला, की तोच गोधडीसारखा आड येतो आणि खाली थंडी पोहोचत नाही. कूलरची ओली हवा खोलीत भरलेली असेल, तर हा थर फार लवकर चढतो. फ्रिज बंद करा, दार उघडे ठेवा, बर्फ आपोआप वितळू द्या.

सुरीने बर्फ कधीही खरवडू नका. पातळ पत्र्याआडच गॅसची नळी असते. पुष्कळ नव्या फ्रिजांत आर-६००ए नावाचा गॅस असतो. तो आपल्या स्वयंपाकाच्या गॅसच्या जातीचा आहे, पेट घेतो. सुरी लागून फुस्स आवाज आला, तर दारे-खिडक्या उघडा, काडी ओढू नका, विजेच्या बटणाला हात लावू नका, आणि सगळे बाहेर या.

ज्या फ्रिजात बर्फाचा थर दिसत नाही, त्यात आत पंखा असतो. वर गार आणि खाली कोमट असे झाले, तर आधी पाहा, हवेच्या भोकांसमोर सांबाराची जुडी किंवा गंज तर ठेवला नाही ना? नसेल, तर सामान काढून फ्रिज एक दिवसभर उघडा-बंद ठेवा, म्हणजे वीज बंद आणि दार उघडे. मग चालू करा. चार-सहा दिवस छान चालून पुन्हा तसेच झाले, तर आतला बर्फ वितळवणारा भाग बिघडला आहे. गॅस ठीक आहे. हे मिस्त्रीला सांगा.

गॅस गेल्याची खूण वेगळी. कॉम्प्रेसर सारखा चालतो, थांबत नाही. मागची जाळी जेमतेम कोमट लागते. बर्फ धरलाच, तर एखाद्या कोपऱ्यात. असे असेल, तर मिस्त्रीचे म्हणणे खरे असू शकते.

फ्रिज किती गार आहे, हे हाताने कळत नाही. ग्लासभर पाण्यात फ्रिजचे थर्मामीटर बुडवून मधल्या फळीवर रात्रभर ठेवा. पाच अंश किंवा कमी हवे. तापाचे थर्मामीटर येथे चालणार नाही, ते ३५ अंशांपासून सुरू होते. आणि यंत्रही कधी चुकते बरे का! ३० मे २०२४ रोजी नागपुरातल्या एका आपोआप चालणाऱ्या यंत्राने ५६ अंश दाखविले. देशभर गवगवा झाला. मागाहून हवामान खात्याने सांगितले की यंत्रातच दोष होता.

फ्रिज दुरुस्त होईपर्यंत इन्सुलिनचे काय? न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत राहिली पाहिजे. ती शेजारच्या किंवा औषधाच्या दुकानातल्या फ्रिजात ठेवावी. चालू बाटली घट्ट झाकणाच्या डब्यात घालून तो डबा ओल्या रेतीत ठेवलेल्या मडक्यात, सावलीत ठेवावा. नेहमीच्या दिवसांत बाटली बर्फाच्या कप्प्याला चिकटवू नये. एकदा गोठलेले इन्सुलिन वितळले, तरी घेऊ नये.

मिस्त्री गॅस भरणार असेल, तर जवळ उभे राहा. छिद्र कोठे होते, ते दाखवायला सांगा. ते डाख देऊन बुजविले का, नळीतली हवा पंपाने ओढून काढली का, हे विचारा. फ्रिजच्या पाठीवरच्या चिठ्ठीत गॅसचे नाव लिहिलेले असते. तोच गॅस भरला पाहिजे. तुम्हांला आता वाचता येते. चिठ्ठी स्वतः वाचा, आणि तेच नाव पावतीवर लिहून घ्या. मग फ्रिज काही तास रिकामाच चालवा, थर्मामीटर पाहा, आणि नंतर दूध आत ठेवा.