भांड्याला भांडं लागणं वेगळं, मारहाण वेगळी



पालकसभेत सही करताना एका आईच्या मनगटावरचा काळानिळा वण दिसला. "बाथरूममध्ये घसरले, बाई," ती म्हणाली. तिचा मुलगा वर्गात कुणी मोठ्याने बोललं की दचकायचा. मी तेव्हा गप्प बसले. ते आजही मनाला लागतं, म्हणून हा लेख.

कसं ओळखायचं?

• थोबाडीत मारणं, ढकलणं, केस ओढणं, चटके देणं, वस्तू फेकून मारणं हा सगळा शारीरिक छळच आहे. हाड मोडलं तरच छळ, असं नाही.
• मारून झाल्यावर माफी, रडणं, नवी साडी. काही दिवस बरे जातात आणि पुन्हा तेच.
• दुखापतीचं कारण दर वेळी वेगळं, नवऱ्यासमोर बोलणं बंद, माहेरी फोन करायलाही भीती.
• गळा दाबला असेल तर वण दिसत नसला तरी लगेच डॉक्टरांकडे जावं. यात जीव जाऊ शकतो.

कायदा काय सांगतो?

घरगुती हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. पत्नीच नव्हे, तर लग्नासारख्या नात्यात एकत्र राहणारी स्त्री, आई, बहीण यांनाही तो संरक्षण देतो. घर नवऱ्याच्या नावावर असलं तरी तिला तिथं राहायचा हक्क आहे. न्यायालय संरक्षण, खर्च आणि मुलांचा तात्पुरता ताबा देऊ शकतं. संरक्षण अधिकारी अर्जाला मदत करतात. वकीलही मोफत मिळतो.

आपल्यासाठी महत्त्वाचं म्हणजे, अशी माहिती संरक्षण अधिकाऱ्यांना कुणीही देऊ शकतं. ती प्रामाणिकपणे दिली असेल तर देणाऱ्यावर कारवाई होत नाही.

मदत कशी करायची?

१. तिला एकटीला गाठून विचारा, "घरी सुरक्षित वाटतं ना?"
२. "एवढं का सहन करतेस?" असं म्हणू नका. "यात तुझी चूक नाही," एवढं सांगा.
३. नवऱ्याला परस्पर जाब विचारू नका. त्याचा राग तिच्यावरच निघतो.
४. आधार, पासबुक, मुलांचे दाखले एका पिशवीत तयार ठेवायला सांगा. सरकारी दवाखान्यात तपासणी करून कागद जपायला सांगा.
५. नंबर पाठ करून घ्या : तातडीला ११२, महिला हेल्पलाइन १८१, मुलांसाठी १०९८. सखी वन स्टॉप सेंटरमध्ये तात्पुरता निवारा, उपचार आणि समुपदेशन एकाच ठिकाणी मिळतं.

वाचणाऱ्या ताई, हे तुमच्याच घरातलं असेल तर आज एका विश्वासू माणसाला तरी सांगा. मुलं शाळेत पाढे शिकतात, पण नातं कसं असतं ते घरातच शिकतात.