पांढरे जाते म्हणून पिशवी काढायची का?

बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली देशभर गाजला. शासनाने नेमलेल्या समितीच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. म्हणजे सहा जणींमागे एक! २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातले हे प्रमाण शंभर महिलांमागे तीनच्या आसपास होते.

मुकादमाची उचल, खाड्याला कापले जाणारे पैसे, पाळीच्या दिवसांतही फडात उभे राहण्याची सक्ती यांवर पुष्कळ लिहून आले. ते यायलाच हवे होते. पण आमच्या पालीसारख्या गावांतून दसऱ्यानंतर टोळ्या निघतात, तेव्हा त्या बायकांच्या हाती उपयोगाची माहिती काय असते? या भगिनी दवाखान्याची पायरी चढल्या त्या बहुतेक करून अंगावरून पांढरे जाते, खाज सुटते, ओटीपोट दुखते, लघवीला आग होते अशा तक्रारी घेऊन. यातल्या बऱ्याचशा तक्रारी जंतूंच्या असतात आणि त्यांवरची औषधे स्वस्त असतात. मग पिशवीवर का आले? हे समजून घ्यायचे तर जंतू खातात काय आणि टाकतात काय, येथून सुरुवात करावी लागेल.

जंतू म्हटला की तो शत्रू, असे आपल्या डोक्यात बसले आहे. पण दुधाला विरजण लावतो तेव्हा आपण जंतूच घालतो. ते दुधातील साखर खातात आणि आम्ल बाहेर टाकतात. त्या आम्लाने दूध घट्ट व आंबट होते आणि नासवणाऱ्या दुसऱ्या जंतूंना त्यात लवकर शिरकाव मिळत नाही. विरजणातल्या जंतूंच्याच गोतावळ्यातले जंतू निरोगी बाईच्या योनिमार्गात राहतात. आल्बर्ट ड्योडरलाइन या जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञाने १८९२ साली ते प्रथम नोंदवले. वयात आल्यावर अंडाशयातून जे स्त्रीरस पाझरतात, त्यांच्यामुळे योनीच्या अस्तरात ग्लायकोजेन नावाची साखरेची साठवण होते. हे राखणदार जंतू त्या साठवणीवर जगतात आणि दह्यात असते तेच आम्ल तयार करतात. आम्ल आहे तोवर बाहेरच्या घातक जंतूंचा टिकाव लागणे कठीण. (म्हणून कोणी दही आत लावू नये. दह्यातले जंतू वेगळ्या जातीचे. नात्यातले असले तरी ते काम करत नाहीत.)

आता फडावरची स्थिती पाहा. पाळीचे रक्त आंबट नसते, त्यामुळे त्या चार दिवसांत आम्ल आधीच कमी झालेले असते. त्यात एकच कापड पहाटेपासून अंधार पडेपर्यंत, धुतले तर कोपीच्या आत लपवून अर्धवट वाळवलेले. आंघोळीला आडोसा नाही, पाणी नाही. वास येतो म्हणून काही बायका साबणाने किंवा जंतुनाशकाने आतून धुतात. त्याने राखणदारच धुऊन निघतात. राखणदार घटले की हवेविना जगणारे दुसरे जंतू वाढतात. ते जे बाहेर टाकतात त्यालाच मासळीसारखा वास येतो. योनिमार्ग आपला आपण स्वच्छ राहतो. बाहेरून साधे पाणी पुरे आहे. हे मुलींना आईनेच सांगितले पाहिजे, शाळेतून कोणी सांगेल या भरवशावर राहू नये.

पांढरे जाणे हा दर वेळी रोगही नसतो. दोन पाळ्यांच्या मधल्या दिवसांत पातळ, बिनवासाचे पाणी जाणे नैसर्गिक आहे. वास, खाज, आग, दह्याच्या चोथ्यासारखे किंवा हिरवट-पिवळे जाणे, ताप आणि पोटदुखी ही रोगाची खूण.

लघवीच्या आगीची गोष्ट जवळचीच आहे. फडात आडोसा नाही म्हणून बायका लघवी रोखून धरतात आणि लघवी लागू नये म्हणून पाणीच पीत नाहीत. लघवीच्या जागेतून वर चढणारा जंतू बहुतेक वेळा आपल्याच आतड्यातला असतो, त्याचे नाव ई. कोलाय. भरपूर अन्न मिळाले तर तो सुमारे वीस मिनिटांत दुप्पट होतो. आम्ही हिशेब ठेवणारी माणसे चक्रवाढ व्याज जाणतो. या दराने एका जंतूचे आठ तासांत दीड कोटीच्या वर होतात. लघवीत त्याला इतके चांगले अन्न मिळत नाही, म्हणून वेग कमी असतो. पण पिशवीत लघवी साठून राहिली की त्याला लागणारा वेळ आयताच मिळतो. पाणी पिऊन वेळच्या वेळी लघवीला जाणे म्हणजे त्याला वाहून काढणे.

हाच ई. कोलाय आतड्यात मात्र बहुधा गुमान राहतो. का? तिथेही राखणदार आहेत. ज्वारी-बाजरीची भाकरी, सालाच्या डाळी, पालेभाजी यांतला चोथा आपल्याला पचत नाही. मोठ्या आतड्यातले जंतू तो खातात आणि ब्युटिरेट नावाचे आम्ल सोडतात. आतड्याच्या अस्तरातील पेशींचे मुख्य अन्न हेच आम्ल होय. ते जाळताना पेशी प्राणवायू वापरून टाकतात, त्यामुळे आतड्याच्या पोकळीत प्राणवायू जवळपास उरत नाही. राखणदार जंतूंना तेच मानवते. ई. कोलाय आणि जुलाबाचा साल्मोनेला यांना प्राणवायू मिळाला की जोर चढतो. तो मिळत नाही तोवर ते दबून असतात. आपली भाकर त्या अर्थाने दोन वेळा जेवली जाते, एकदा आपण आणि एकदा त्यांनी. बिस्किटाच्या पुड्यावर दिवस काढला तर दुसऱ्या पंगतीला काही उरत नाही.

मेडिकलवरून आणलेल्या प्रतिजैविक गोळ्यांनी हे राखणदार मरतात. १९५४ साली अमेरिकेत मार्जोरी बोनहॉफ व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांना स्ट्रेप्टोमायसीन देऊन पाहिले. औषध न दिलेल्या उंदरांना आजारी पाडायला साल्मोनेलाचे लाखभर जंतू लागत. औषध दिलेल्यांना दहापेक्षाही कमी पुरले, असे त्यांच्या पुढच्या प्रयोगांत दिसले. गोळ्या वाईट असा याचा अर्थ नाही. वेळेला त्यांच्यामुळेच जीव वाचतो. पण ‘गोळी द्या हो, पांढरे जाते’ म्हणून काउंटरवरून चार गोळ्या आणायच्या, दोन खायच्या आणि दोन जाऊबाईला द्यायच्या, हे थांबले पाहिजे. चुकीच्या गोळीने योनीतले राखणदारही मरतात आणि बुरशी वाढून खाज आणखी भडकते.

आता शस्त्रक्रियेकडे येऊ. पांढरे जाण्याची लागण पुष्कळदा योनिमार्गातली असते. पिशवी काढली तरी योनिमार्ग तिथेच राहतो आणि दुखणेही राहू शकते. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशये काढली तर स्त्रीरस आटतो, तिशीतल्या बाईला म्हातारपणाची लक्षणे लागतात, हाडे ठिसूळ होऊ लागतात. शिवाय अस्तरातली साखरेची साठवण संपते. राखणदारांचे अन्नच बंद. लागण थांबावी म्हणून शस्त्रक्रिया केली आणि लागणीला आडवे येणारे होते त्यांचीच उपासमार झाली, असा हा उफराटा प्रकार आहे. गाठ, कर्करोग, न थांबणारा रक्तस्राव अशा कारणांसाठी पिशवी काढावी लागते. तेथे नाही म्हणू नये. पण साध्या लागणीला हा इलाज नव्हे.

‘काढली नाही तर कॅन्सर होईल’ ही भीती सर्वांत जास्त चालते. शेजारच्या तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयाने ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ महिलांना घेऊन मोठा अभ्यास केला. तो २००९ साली प्रसिद्ध झाला. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग एका विषाणूमुळे होतो. त्या विषाणूची तपासणी एकदा केलेल्या गावांत या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. म्हणजे भीती वाटत असेल तर तपासणी मागायची, थेट शस्त्रक्रियेला होकार द्यायचा नाही. संबंधानंतर रक्त जाणे किंवा पाळी बंद झाल्यावर रक्त दिसणे, यात मात्र एक आठवडाही दवडू नये.

२०१९ च्या बोभाट्यानंतर बीड जिल्ह्यात खासगी रुग्णालयांना पिशवी काढण्यापूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणे बंधनकारक झाले. कोणी घाई करू लागले तर त्या परवानगीचा कागद मागावा. आधी शस्त्रक्रिया झालेल्या बायकांनी अंडाशये ठेवली की काढली, हे आपल्या कागदांवर पाहून घ्यावे. पुढील सर्व उपचारांत ते विचारले जाते. या तक्रारींची तपासणी व औषधे सरकारी रुग्णालयात मोफत मिळतात. टोळी निघण्याआधी एक खेप घालून यावे.

या खेपेला एकटीने जाऊ नये, नवऱ्याने बरोबर जावे. काही लागणी संबंधातून पसरतात आणि तेथे दोघांचाही उपचार लागतो, हे जुनेच आहे. मासळीचा वास येणाऱ्या लागणीत मात्र केवळ बाईलाच गोळ्या देण्याची पद्धत होती. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील अभ्यासात केवळ बाईला औषध दिले तेव्हा बारा आठवड्यांच्या आत शंभरातल्या ६३ जणींना लागण परत झाली. नवऱ्यालाही गोळ्या आणि मलम दिले तेव्हा हा आकडा ३५ वर आला. तेव्हा केसपेपर दोघांच्या नावाचे काढून घ्यावेत.