पडीक खाचरं पिकली, शेजारी चित्रं आली

समजा, उद्या एखादा मोठा कारखानदार तुमच्या ग्रामपंचायतीत आला आणि म्हणाला, "माझ्याकडे लाखमोलाची चित्रं आहेत. ती शहरात न ठेवता तुमच्या गावात मांडतो, चार लोकांना पाहू देतो." तर तुम्ही काय म्हणाल? निम्मी मंडळी हसतील. कुणी विचारील, चित्रांनी पोट भरतं का? आणि पारावरचा एखादा जाणता म्हातारा म्हणेल, "चित्रं राहू द्या, याचा डोळा जमिनीवर आहे."

प्रश्न तिन्ही रास्त आहेत. जपानमधल्या काही छोट्या बेटांवर अशीच वेळ आली होती. तिथल्या गावांनी त्यातून काय मिळवले आणि काय मिळवता आले नाही, हे आपल्या सरपंच-सदस्यांनी आणि शेतकरी बंधूंनी समजून घेण्यासारखे आहे.

धुराने उघडे पडलेले डोंगर

जपानच्या होन्शू आणि शिकोकू या दोन मोठ्या बेटांच्या मध्ये सेतो नावाचा शांत समुद्र आहे. त्यात शेकडो लहान बेटे आहेत. त्यातलेच एक नाओशिमा, सुमारे आठ चौरस किलोमीटरचे. म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या गावाच्या शिवाराएवढे. पूर्वी इथला माणूस समुद्रावर जगायचा. १९१७ साली बेटाच्या उत्तरेला मित्सुबिशी कंपनीची तांबे गाळण्याची भट्टी आली. हाताला काम मिळाले, पंचायतीला कर मिळाला. पण भट्टीच्या गंधकी धुराने झाडे जळाली आणि डोंगर बोडके झाले. पुढे कामगार कमी होत गेले, तशी तरुण पोरे शहराची वाट धरू लागली. घरांना कुलपे लागली. हे चित्र तुम्हाला नवीन नाही.

या बेटाला चिकात्सुगु मियाके नावाचे नगराध्यक्ष लाभले. १९५९ ते १९९५, तब्बल ३६ वर्षे ते निवडून येत राहिले. त्यांनी बेटाची सरळ तीन भागांत वाटणी ठरवली. उत्तरेला कारखाना, मधे वस्ती आणि शाळा, आणि दक्षिणेचा समुद्रकिनारा पर्यटन व संस्कृतीसाठी. दक्षिणेला एका पर्यटन कंपनीने आधी हात घातला होता, पण तिचे बस्तान बसले नाही. तरी मियाकेंनी आराखडा गुंडाळून ठेवला नाही.

१९८५ मध्ये शेजारच्या ओकायामा शहरातले प्रकाशक तेत्सुहिको फुकुताके त्यांना भेटले. मुलांना घरबसल्या अभ्यासाचे साहित्य पाठवणारी त्यांची कंपनी होती. जगभरच्या मुलांना एकत्र राहता येईल असा तळ बेटावर उभारावा, ही त्यांची इच्छा. दुसऱ्याच वर्षी ते वारले. मुलगा सोइचिरो टोकियो सोडून परतला आणि वडिलांनी दिलेला शब्द त्याने उचलला. दक्षिणेची जमीन कंपनीने घेतली, १९८९ मध्ये मुलांचा तळ सुरू झाला, आणि १९९२ मध्ये तादाओ आंदो या वास्तुरचनाकाराने बांधलेले 'बेनेसे हाऊस' उघडले. खाली संग्रहालय, वर मुक्कामाच्या खोल्या. फुकुताके कुटुंबाने आणि कंपनीने जमवलेली नव्या काळातली चित्रे आणि शिल्पे तिथे लोकांसाठी मांडली गेली. १९९४ मध्ये धक्क्याच्या टोकावर यायोई कुसामा या कलावतीचा काळ्या ठिपक्यांचा भलामोठा पिवळा भोपळा बसवला. ऑगस्ट २०२१ मध्ये वादळात तो समुद्रात गेला. २०२२ मध्ये पुन्हा बसवला. आज तो भोपळाच बेटाची खूण झाला आहे.

गावाचे दार उघडले ते एका जुन्या घराने

पण वाचकहो, इथपर्यंतची गोष्ट ही धनिकाची गोष्ट आहे. दक्षिणेला संग्रहालय, मधे डोंगर, आणि गाव पलीकडे. गावाचा त्यात हात कुठे?

तो हात लागला १९९८ मध्ये. होन्मुरा या जुन्या वस्तीत सुमारे दोनशे वर्षांचे एक रिकामे घर होते, 'कादोया'. ते पाडून टाकण्याऐवजी दुरुस्त करायचे ठरले. जुनी लाकडे, जुन्या भिंती तशाच राखल्या. आतली जमीन काढून तिथे पाण्याचे उथळ टाके केले. तात्सुओ मियाजिमा या कलाकाराने त्या पाण्यात १२५ लहान दिवे बसवले. प्रत्येक दिव्यात १ ते ९ आकडे फिरतात. कुठला भरभर, कुठला सावकाश. प्रत्येकाची गती ठरवली बेटावरच्याच एकेका माणसाने. पाच वर्षांच्या पोरापासून पंचाण्णव वर्षांच्या म्हाताऱ्यापर्यंत १२५ जण त्यासाठी जमले.

आता विचार करा. ज्या आजीला आयुष्यात कधी चित्रप्रदर्शन माहीत नव्हते, तिचा एक दिवा त्या पाण्यात आहे. पाहुणा आला की ती सांगू शकते, "तो कोपऱ्यातला माझा." तिथून पुढे वस्तीत एकेक करून सात ठिकाणे झाली. दंतवैद्याचे जुने घर, मोडकळीला आलेले देवस्थान, सगळ्यांना हात लागला. २००१ पासून लोक आपल्या दारांवर रंगवलेले कापडी पडदे लावू लागले. गावातली माणसे पाहुण्यांना वाट दाखवू लागली. चहापाण्याची दुकाने निघाली, रिकाम्या घरांत मुक्कामाची सोय झाली.

२००४ मध्ये 'चिचू' हे संग्रहालय झाले. चिचू म्हणजे जमिनीच्या पोटात. डोंगराची रेषा मोडू नये म्हणून अख्खी इमारत जमिनीखाली घेतली. आत फ्रेंच चित्रकार मोने यांची कमळतळ्याची पाच चित्रे आहेत आणि ती दिव्यावर नाही, वरून येणाऱ्या उजेडावर पाहायची. ढग आला की चित्र बदलते. शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको.

गांडुळाच्या नावाखाली कचरा

शेजारी तेशिमा नावाचे बेट आहे. नावाचा अर्थच सुबत्तेचे बेट. डोंगरातून बारमाही झरा, उतारावर भाताची खाचरं, खाली मासळी. पण सत्तरच्या दशकात एका व्यावसायिकाने इथे कचरा आणायला सुरुवात केली. परवाना काढला गांडूळ पैदाशीचा, आणि टाकला मोडीत काढलेल्या मोटारींचा चुरा, टाकाऊ तेल, विषारी गाळ! गावकरी ओरडत राहिले, प्रांताचे अधिकारी मात्र त्या व्यावसायिकाची बाजू घेत राहिले. अखेर १९९० मध्ये शेजारच्या प्रांताच्या पोलिसांनी छापा घातला, तेव्हा हे थांबले. कचरा मात्र तिथेच राहिला.

शेतकरी आणि मच्छीमार, त्यात बरेचसे वयस्कर, सरकारी कचेरीसमोर महिनोन्‌महिने उभे राहिले. १९९३ मध्ये त्यांनी लवादाकडे दाद मागितली. जून २००० मध्ये तडजोड झाली. प्रांताच्या गव्हर्नरने बेटावर येऊन लोकांची माफी मागितली आणि कचरा उचलण्याची हमी दिली. तो गेला कुठे? नाओशिमाच्याच तांब्याच्या कारखान्याच्या आवारात. तिथे त्यासाठी खास भट्टी उभारली गेली आणि २००३ ते २०१७ या काळात सुमारे नऊ लाख टन कचरा आणि दूषित माती बोटीने नेऊन तिथे जाळली-वितळवली गेली. चित्रांचे बेट म्हणून नाव झालेल्या गावाने शेजाऱ्याची घाण निस्तरायला जागा दिली, हे विसरू नये.

याच तेशिमावर कारातो या वस्तीजवळ फुकुताकेंच्या संस्थेने २०१० मध्ये संग्रहालय बांधले. तोवर तिथली पायऱ्यापायऱ्यांची बरीच खाचरं पडीक होती, रान माजले होते. संग्रहालयाबरोबरच गावकरी आणि संस्थेने मिळून ती साफ केली, बांध घातले आणि पुन्हा भात लावला. इमारतही पाहण्यासारखी आहे. आधी मातीचा ढीग घालून त्याला पाण्याच्या थेंबासारखा घाट दिला, त्यावर काँक्रीट ओतले आणि ते धरल्यावर आतली माती उकरून काढली. सुमारे वीस गुंठ्यांचे छत, आत एकही खांब नाही! वर दोन मोठी उघडी तोंडे. त्यातून ऊन, पाऊस, वारा सगळे आत येते. आत चित्र नाही, मूर्ती नाही. रेई नाइतो या कलावतीने जमिनीला बारीक छिद्रे ठेवली आहेत. त्यातून पाण्याचे थेंब वर येतात, घरंगळतात, एकमेकांना मिळतात आणि तळे होते. पाणी हेच ज्या बेटाचे धन, तिथे दाखवायचे ते पाणीच.

जवळच एका रिकाम्या घरात 'शिमा किचन' नावाचे भोजनगृह निघाले. टोकियोच्या हॉटेलातल्या आचाऱ्यांनी बेटावरच्या बायकांबरोबर पदार्थ बसवले. भाजी बेटावरची, मासळी बेटावरची, रांधणाऱ्याही तिथल्याच. संग्रहालय पाहायला आलेला माणूस जेवणाचे पैसे गावात ठेवून जातो, तो असा.

गर्दी आली, माणसे राहिली का?

२०१० मध्येच या परिसरातल्या सात बेटांवर मिळून कलेची मोठी जत्रा भरली. ती दर तीन वर्षांनी भरते. पहिल्याच खेपेला १०५ दिवसांत नऊ लाखांवर भेटी नोंदल्या गेल्या. बोटी पुरेनात, बसला रांगा, जेवायला जागा नाही. जिथे काही हजार माणसे राहतात, तिथे हा लोंढा म्हणजे वरदानही आणि ताणही.

आणि खरे ते सांगितले पाहिजे. एवढे होऊनही नाओशिमाची वस्ती आज तीन हजारांच्या आसपासच आहे, तेशिमाची हजाराच्या आत, आणि ती घटतेच आहे. चित्रांनी म्हातारपण थांबत नाही. पण काही ठिकाणी उलटा प्रवाहही दिसला. ओगिजिमा या चिमुकल्या बेटावरची शाळा मुलांअभावी २०११ मध्ये बंद पडली होती. २०१३ च्या जत्रेनंतर काही कुटुंबे परतली, त्यांनी शाळेची मागणी लावून धरली आणि २०१४ मध्ये ती पुन्हा भरली. ज्या गावाने शाळेची घंटा बंद होताना ऐकली आहे, त्यालाच याची किंमत कळेल.

ग्रामसभेत विचारायचे प्रश्न

जपान श्रीमंत देश, फुकुताके कोट्यधीश, आमचे काय, असे तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. पण कुणीही पैसेवाला गावात काहीही घेऊन आला, मग ती चित्रे असोत, रिसॉर्ट असो की आश्रम, प्रश्न हेच राहतात.

पहिला, गावाचा स्वतःचा आराखडा आहे का? मियाकेंचा होता, म्हणून आलेल्या माणसाला जागा दाखवता आली. आराखडा नसला की येणाराच आपली जागा निवडतो.

दुसरा, आधी काय दुरुस्त होणार? नवी इमारत बांधण्याआधी गावातले पडके घर, बुजलेली विहीर, पडीक खाचर यांचा नंबर लागतो का?

तिसरा, त्यात गावकऱ्याचा हात कुठे आहे? नुसती शिपायाची नोकरी, की त्या १२५ दिव्यांसारखा आपला म्हणावा असा वाटा?

चौथा, वर्षानुवर्षांचा खर्च कोण करणार? फुकुताकेंनी कंपनीचे शेअर्स संस्थेला देऊन त्यांच्या लाभांशावर काम चालेल अशी तजवीज केली. फीत कापून फोटो काढणारे पुष्कळ भेटतील, दहाव्या वर्षी छत गळल्यावर कोण येणार, हे कागदावर हवे.

पाचवा, पाणी, कचरा आणि गर्दी यांचा भार किती? आणि परवान्यावर जे लिहिले आहे तेच जागेवर चालले आहे का? तेशिमाला हा प्रश्न फार महागात पडला. परवाना गांडुळांचाच होता.

उत्तरे मिळेपर्यंत ठराव करू नका. मिळाली आणि पटली, तर मात्र चित्रांनी पोट भरतं का म्हणून हसून घालवूही नका. चित्रांनी पोट भरत नाही हे खरेच. पण तेशिमाच्या उतारावर, जिथे रान माजले होते, तिथे आज भात उभा राहतो, आणि तो पाहायला लोक बोटीने येतात.